विद्यापीठाच्या अभिलेखागारात इंटर्नचा दिवस: खोका उघडण्यापासून फाइल अपलोड होईपर्यंत

विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या अभिलेखागारात इंटर्नशिप मिळाली, की पहिला प्रश्न हमखास पडतो: तिथे दिवसभर नेमकं करायचं काय? काहींच्या डोळ्यांपुढे धुळीने भरलेली कपाटं येतात. काहींना वाटतं, स्कॅनरपुढे बसून पानं उलटायची, झालं काम. दोन्ही चित्रं अर्धवट आहेत. तुम्ही इतिहास शिकलेले असा, ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी असा, की संगणकाकडून या कामाकडे वळलेले असा, सकाळी आत पाऊल टाकल्यापासून संध्याकाळी खोका जागेवर जाईपर्यंत काय करायचं, कशाला हात लावायचा नाही आणि का, हे इथे क्रमाने सांगतो.

आधी एवढं समजून घ्या

विद्यापीठाच्या अभिलेखागारात कुलसचिव कार्यालयाच्या नस्त्या असतात, अधिसभेची इतिवृत्तं असतात, विभागांचे अहवाल, निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या टिपणवह्या आणि पत्रं, विद्यार्थ्यांची मासिकं, पदवीदान समारंभांचे फोटो, भाषणांच्या ध्वनिफिती आणि आता जुन्या हार्डडिस्कही असतात. पुस्तकाची प्रत फाटली तर दुसरी मिळू शकते. इथल्या बहुतेक कागदांची दुसरी प्रत कुठेच नसते.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. पुस्तकं विषयानुसार लावतात, अभिलेख लावतात ते कुणाकडून आले त्यानुसार. एका प्राध्यापकांची पत्रं आणि एका विभागाची पत्रं एकाच विषयावरची असली तरी ती एकत्र करायची नाहीत. १८४१ साली फ्रान्समध्ये अभिलेखागार विभागाचे अधिकारी नतालिस द वाय्यी यांनी काढलेल्या परिपत्रकाने हा नियम पहिल्यांदा स्पष्टपणे घालून दिला, आणि १८९८ मध्ये तीन डच अभिलेखपालांनी लिहिलेल्या नियमपुस्तकाने त्याला जोड दिली: एका संग्रहातल्या कागदांचा मूळ क्रमही मोडायचा नाही. आजचं सगळं काम, अगदी डिजिटल संग्रहाचंसुद्धा, या दोन नियमांवर उभं आहे.

यामागचं कारण व्यवहारी आहे. सुट्या पत्रावर तारीख नसली, पाठवणाऱ्याने नुसती सही ठोकलेली असली, तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा कागदच ते पत्र कधीचं आणि कशाबद्दलचं ते सांगतो. क्रम मोडला की कागद शाबूत राहतो, पण त्याचा अर्थ जातो. इंटर्न म्हणून तुमच्या हातून होणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एकच कसोटी लावा: मी हात लावण्याआधी हा कागद कुठे होता, हे माझ्यानंतर येणाऱ्याला कळेल का?

आदल्या दिवशी

ज्या संग्रहावर काम करायचं आहे त्याची सूची मागून घ्या आणि घरी वाचा. संग्रह कुणाचा, किती खोक्यांचा, कोणत्या काळातला, कधी आला, कुणी दिला, एवढं डोक्यात असलं तरी पहिल्या दिवशीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. सूची नसेल, तर दाखलनोंदीची, म्हणजे संग्रह आला तेव्हा केलेल्या नोंदीची, एखादी ओळ तरी असतेच. तीच वाचा.

पिशवीत पेन्सिल ठेवा, पेन नको. शाई कागदावर पडली की पुसता येत नाही, आणि बॉलपेनची रेघ खालच्या पानावरही उमटते. पेन्सिल मऊ हवी, एचबी किंवा त्याहून मऊ. हाताला क्रीम लावून येऊ नका. सैल बाह्या, लोंबते दागिने, खड्याची अंगठी टाळा. साठवणीच्या खोल्या थंड ठेवतात, म्हणून अंगात घालायला एखादं गरम कापड असू द्या. धुळीची ॲलर्जी असेल तर पहिल्याच दिवशी सांगा आणि चांगला मास्क वापरा. त्यात भिडस्तपणा करू नका.

पहिला तास: जागा ओळखा

मार्गदर्शक तुम्हाला साठवणीची खोली दाखवतील. नुसतं बघत फिरू नका. खोक्याचा पत्ता कसा वाचायचा ते शिका: खोली, रांग, कपाट, फळी. खोका काढताना त्याच्या जागी कोणती चिठ्ठी ठेवायची ते विचारा. चुकीच्या फळीवर गेलेला खोका हरवल्यातच जमा असतो, कारण हजारो खोक्यांत तो कुणी शोधणार नाही.

भिंतीवर किंवा फळीवर एक छोटं यंत्र दिसेल. ते तापमान आणि हवेतली आर्द्रता नोंदवतं. कागदासाठी ढोबळमानाने १६ ते २० अंश सेल्सिअस आणि ३५ ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता ठीक समजतात. पण आकडा थोडा इकडेतिकडे असण्यापेक्षा अचानक होणारे चढउतार जास्त घातक असतात. आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. आग किंवा पाण्याच्या प्रसंगी कुणाला फोन करायचा आणि बाहेर कुठून पडायचं, हेही याच वेळी विचारून घ्या.

खोका उघडताना

इथे घाई नको. टेबल रिकामं आणि कोरडं हवं, पाण्याची बाटली खोलीबाहेर. एका वेळी एकच खोका टेबलावर आणि त्यातलं एकच फोल्डर बाहेर. फोल्डर काढलं की त्या जागी जाड कागदाची पट्टी उभी ठेवा, म्हणजे परत ठेवताना जागा शोधावी लागत नाही. फोल्डरमधले कागद टेबलावर सपाट ठेवूनच उलटा. हातात धरून चाळू नका.

हातमोज्यांबद्दल नवीन लोकांचा गोंधळ असतो. चित्रपटांत पांढरे सुती मोजे दिसतात, पण साध्या कागदासाठी धुतलेले, पूर्ण कोरडे हात उत्तम. सुती मोजा घातला की बोटांना कागदाची जाडी जाणवत नाही आणि पान फाटण्याची शक्यता वाढते. फोटो, निगेटिव्ह आणि धातूच्या वस्तू यांच्यासाठी मात्र मोजे हवेतच, आणि तेही नायट्राइलचे, म्हणजे पातळ कृत्रिम रबराचे. बोटावरचा घाम आणि तेल फोटोच्या थरावर कायमचं उमटतं. फोटो कडांना धरा. आल्बममध्ये चिकटवलेला फोटो उपटून मागचं बघायचा मोह आवरा.

जुन्या फोल्डरमध्ये टाचण्या, स्टेपल, क्लिपा, रबरबँड सापडतीलच. गंज कागद खातो म्हणून त्या काढायच्या असतात. पण कुठल्या काढायच्या आणि कुठल्या ठेवायच्या, हे मार्गदर्शक ठरवतील. स्टेपल काढायचं यंत्र इथे वापरत नाहीत, त्याने कागद ओढला जातो. पद्धत अशी: कागद पालथा करा, म्हणजे स्टेपलचे दुमडलेले दोन पाय वर येतील. त्यांच्याखाली पॉलिस्टरची पातळ पट्टी सरकवा. ती कागदाला सांभाळते. मग बोथट, चपट्या पात्याने एक पाय हळूच उभा करा, नंतर दुसरा. कागद पुन्हा सुलटा करा, पाठीखाली पट्टी सरकवा आणि स्टेपल सरळ वर उचला. पाय उभे राहत नसतील, गंजून कागदात रुतले असतील, तर थांबा. ते काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या कागदांची दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाचं आहे. आणि एक लक्षात ठेवा: तीन पानं एकत्र टाचलेली होती ही माहिती आहे. टाचणी काढली तरी ती तिन्ही पानं पातळ आम्लरहित कागदाच्या घडीत एकत्र ठेवा.

चिकटपट्टी कधीही ओढून काढू नका. पिवळी पडलेली, सुटत आलेली दिसली तरी नाही. अक्षरांचा थर तिच्याबरोबर निघून येतो. माझ्या मते नवीन माणसाने पहिल्या आठवड्यात पाळायचा सर्वांत कडक नियम हाच: दुरुस्ती करायची नाही, नोंद करायची.

वर्तमानपत्रांची कात्रणं तपकिरी आणि ठिसूळ झालेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद लाकडाच्या लगद्यापासून बनू लागला, आणि त्यातलं आम्ल कागदाला आतून जाळत राहतं. शेजारच्या पत्रावरही त्याचा तपकिरी ठसा उमटतो. कात्रण आणि पत्र यांच्यामध्ये आम्लरहित कागद घाला, पण क्रम तोच ठेवा.

काही गोष्टी दिसल्या किंवा नाकाला जाणवल्या, तर हातातलं काम सोडून लगेच सांगायचं असतं. कागदावर लव आल्यासारखे डाग दिसले तर बुरशी असू शकते: खोका बंद करा, हात धुवा, इतर खोक्यांजवळ नेऊ नका. बारीक छिद्रं किंवा भुसा दिसला तर कीड. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ॲसिटेटची फिल्म विघटित होते आहे, आणि ती बाहेर सोडत असलेलं आम्ल शेजारच्या फिल्मांनाही भोवतं. सर्वांत गंभीर प्रकार नायट्रेटच्या फिल्मचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती बनत होती. खराब झालेली नायट्रेट फिल्म सहज पेट घेते, आणि एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच निघतो. चिकट, पिवळट, कडेला भुगा झालेली जुनी फिल्म दिसली तर स्वतः उलगडून पाहू नका.

क्रम लावायचा की ठेवायचा?

समजा, एका प्राध्यापकांच्या खोक्यात ‘किरकोळ’ असं लिहिलेलं फोल्डर निघालं. आत एका सहकाऱ्याची चार पत्रं, मध्येच शिष्यवृत्तीच्या अर्जाचा कच्चा मसुदा, मग कुठल्याशा परिषदेची पत्रिका आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेली एक आकृती. पहिला विचार येतो की पत्रं पत्रांत टाकावीत आणि पत्रिका पत्रिकांत. पण आता नीट पाहा. चौथ्या पत्रात सहकारी एका कल्पनेविषयी विचारतो, मसुद्यात तीच कल्पना पहिल्यांदा नीट मांडली आहे आणि पत्रिकेमागची आकृती तिचाच आराखडा आहे. ‘किरकोळ’ या शीर्षकाखाली एका संशोधनाचा उगम जसाच्या तसा बसला आहे. तीन ठिकाणी वाटला असता, तर तो पुन्हा कुणालाही जोडता आला नसता.

म्हणून जुनं शीर्षक तसंच ठेवा, अवतरणचिन्हांत लिहा आणि पुढे आपल्या शब्दांत आत काय आहे ते सांगा. कागद खरोखरच कशाही पद्धतीने कोंबलेले असतील, मूळ क्रम असा काही उरलाच नसेल, तर नवा क्रम लावता येतो. तो निर्णय मार्गदर्शकांचा. आणि तो घेतला तर ‘क्रम अभिलेखागाराने लावला’ असं सूचीत स्पष्ट लिहायचं, नाहीतर पुढचा संशोधक आपल्या क्रमावरून प्राध्यापकांच्या मनाचा अंदाज बांधत बसेल.

नोंद लिहिणं

आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेच्या वर्णनाच्या मानकात २६ घटक आहेत. बिचकू नका, त्यांतले सहा अत्यावश्यक आहेत: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, तारीख, आकारमान आणि वर्णनाची पातळी. पातळी म्हणजे ही नोंद पूर्ण संग्रहाची आहे, मालिकेची, फोल्डरची की एकेका कागदाची. बहुतेक ठिकाणी फोल्डरपर्यंतच नोंद करतात. प्रत्येक कागदाची नोंद करायला गेलात तर एका खोक्यात आठवडा जाईल आणि बाकीचे खोके वाचकांना बंदच राहतील.

शीर्षक लिहिताना वाचक काय शोधेल त्याचा विचार करा. ‘महत्त्वाची पत्रं’ हे शीर्षक निरुपयोगी आहे. ‘वसतिगृहाच्या बांधकामाविषयीचा पत्रव्यवहार’ हे उपयोगी. विशेषणं टाळा. थोर, दुर्मीळ, ऐतिहासिक हे वाचकाला ठरवू द्या.

तारखेचं काम चिकाटीचं आहे. कागदावर तारीख असेल तर तीच. नसेल पण टपालाच्या शिक्क्यावरून, कागदाच्या शीर्षपट्टीवरून, मजकुरातल्या उल्लेखावरून काढता आली, तर चौकटी कंसात लिहा, म्हणजे ती आपण दिलेली आहे हे कळतं. संगणकासाठी याचीही ठरलेली खूण आहे: वर्षाच्या आकड्यानंतर नागमोडी चिन्ह (~) म्हणजे सुमारे, प्रश्नचिन्ह म्हणजे शंकास्पद. २०१९ पासून ही पद्धत तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग आहे. अंदाज कशावरून केला तेही टिपेत लिहा.

नावांच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून काम करावं लागतं. एकच व्यक्ती कुठे आद्याक्षरांनी, कुठे आडनावाने, कुठे वेगळ्या स्पेलिंगने येते. संस्थेची नावांची प्रमाण यादी असते, तिच्यातलं रूप वापरा. जुन्या फोटोंखाली स्त्रियांची नावं अनेकदा फक्त नवऱ्याच्या नावाने दिलेली असतात. त्या प्रयोगशाळेत काम करत होत्या, शिकवत होत्या, तरी ओळीत त्यांचं स्वतःचं नाव नाही. हजेरीपट, वार्षिक अहवाल, नियुक्तीपत्रं यांत थोडं शोधलं की ते नाव बरेचदा सापडतं. मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं हेच वाटतं, कारण त्यानंतर ती व्यक्ती शोधणाऱ्याला सापडू लागते. मूळ ओळही ठेवा आणि शोधलेलं नाव वेगळ्या रकान्यात द्या. चेहऱ्यावरून मात्र नाव ठरवू नका. खात्री नसेल तर ‘अनोळखी’ हाच प्रामाणिक शब्द.

जुन्या कागदांत एखाद्या समाजाविषयी अपमानकारक शब्द आले, तर ते खोडायचेही नाहीत आणि आपल्या वर्णनात वापरायचेही नाहीत. मूळ मजकूर असल्याचं अवतरणचिन्हांनी दाखवा, वर्णन आजच्या भाषेत करा.

दुपार: स्कॅनर

आधी यंत्र निवडा. सुटी पानं आणि फोटो यांच्यासाठी सपाट काचेचा स्कॅनर. बांधीव वह्या आणि पुस्तकांसाठी वरून फोटो घेणारा स्कॅनर आणि व्ही आकाराचा आधार, म्हणजे पाठ मोडत नाही. पानं आपोआप ओढून घेणारं यंत्र जुन्या कागदाला लावायचं नाही. काच पुसताना द्रव कापडावर घ्या, काचेवर फवारू नका.

रिझोल्यूशनचा निर्णय वस्तू पाहून होतो. छापील आणि हस्तलिखित कागदाला ३०० ते ४०० पीपीआय (एका इंचातले चित्रबिंदू) साधारण पुरतं, छापलेल्या फोटोला ६००, आणि ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला ३००० ते ४००० लागतं, कारण मूळ चौकटच चिमुकली असते. सरसकट मोठा आकडा लावू नका. ए-४ आकाराचं एक पान २४ बिट रंगात ४०० पीपीआयवर घेतलं तर टिफ या प्रकारची, दाबून लहान न केलेली चित्र-फाइल सुमारे ४६ एमबीची होते, ६०० वर तीच १०४ एमबीच्या आसपास जाते. पाच हजार पानांचा गुणाकार करून पाहा, साठवणीचा खर्च लक्षात येईल.

काळ्या शाईचा कागदही रंगीतच घ्या. पेन्सिलीच्या खुणा, लाल शाईतले शेरे, शिक्के, डाग हे सगळं करड्या छटांत एकमेकांत मिसळतं. मूळ फाइल टिफमध्ये, कोणतीही सुधारणा न करता. स्कॅनरचं ऑटो करेक्शन, धार वाढवणं, डाग काढणं, सगळं बंद. वाचकांना दाखवायची जेपेग किंवा पीडीएफ प्रत त्या मूळ फाइलवरून नंतर तयार होते, तिथे हवं तर उजळपणा वाढवा. कापताना मजकुराच्या अगदी कडेला कापू नका. कागदाची चारही टोकं आणि भोवतालची थोडी पार्श्वभूमी दिसली पाहिजे, म्हणजे पान पूर्ण आहे हे सिद्ध होतं. सुरुवातीला रंगपट्टी आणि मोजपट्टी यांसह एक फ्रेम घ्या.

पातळ कागदावर मागची अक्षरं पुढे दिसत असतील तर पानामागे काळा कागद ठेवा. पानातून आरपार गेलेला प्रकाश परतत नाही आणि अक्षरं बरीच फिकी होतात. कोरी पाठ स्कॅन करायची की नाही, हे प्रत्येक प्रकल्पात आधी ठरवून लिहून ठेवलेलं असावं. पाठीवर एक शब्द जरी असला तरी ती घ्यायचीच.

फाइलचं नाव म्हणजे संग्रह, खोका, फोल्डर आणि पान यांचे क्रमांक, एकाच ठरलेल्या क्रमाने. मोकळी जागा नको, तिरकी रेघ नको, नावात वर्णन नको. क्रमांकापुढे शून्यं लावा: ००१, ००२. नाहीतर संगणक पान १० ला पान २ च्या आधी उभं करतो. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशी नावं दिलीत तर महिनाभराने तुम्हालाच कळणार नाही.

फोल्डर संपलं की लगेच तपासा, दिवसाच्या शेवटी नाही. कागद अजून टेबलावर असतो तेव्हाच तपासणीला अर्थ असतो. पानांची संख्या आणि फाइलींची संख्या जुळते का? उलटं, तिरकं, दोनदा घेतलेलं पान आहे का? फाइल १०० टक्के आकारात उघडून कडेची अक्षरं स्पष्ट आहेत का पाहा. छोट्या चित्रात सगळंच छान दिसतं.

मेटाडेटा आणि अपलोड

मेटाडेटा म्हणजे फाइलविषयीची माहिती. तिच्यासाठी डिजिटल संग्रहांत बहुतेक ठिकाणी ‘डब्लिन कोअर’ या प्रमाण संचाचे १५ घटक पायाभूत असतात: शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, तारीख, भाषा, हक्क वगैरे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या कार्यशाळेतून हा संच निघाला, आणि साधेपणामुळे टिकला. तुमचं काम बहुधा एक्सेलच्या तक्त्यात होईल. तिथे तीन खड्डे आहेत. एक, एक्सेल क्रमांकापुढची शून्यं गिळतं. दोन, तारखेसारखं काही दिसलं की आपल्याच पद्धतीने बदलतं. तीन, १९०० पूर्वीची तारीख त्याला तारीख वाटतच नाही, म्हणून क्रम लावताना त्या ओळी भलतीकडे जातात. काम सुरू करण्याआधी सगळे रकाने मजकूर प्रकारचे करा आणि शेवटी यूटीएफ-८ सीएसव्ही (साध्या मजकुराच्या रूपातला तक्ता) म्हणून साठवा.

देवनागरीत नोंद करत असाल तर आणखी एक बारकावा. ‘ऱ’ हे अक्षर संगणकात एका संकेताने लिहिता येतं किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्र त्यांना एक मानेलच असं नाही. सगळा तक्ता युनिकोडच्या (अक्षरांच्या संकेतांच्या जागतिक मानकाच्या) एकाच रूपात आणून मगच अपलोड करा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर नुसती निरर्थक रोमन अक्षरं येतात. तो आधी परिवर्तित करावा लागतो.

छापील पानांवर ओसीआर चालवतात, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेतात. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी खूप वापरलं जातं. निघालेला मजकूर शोधासाठी चांगला, उद्धृत करण्यासाठी नाही. विशेषनामं आणि आकडे यांत चुका जास्त होतात, म्हणून काही पानं मूळ प्रतीशी ताडून पाहा.

हक्कांचा रकाना रिकामा सोडू नका. कागद ग्रंथालयाच्या मालकीचा असला म्हणून त्यावरचा कॉपीराइट ग्रंथालयाचा होत नाही. पत्र ज्याने लिहिलं, हक्क त्याचा, ज्याला मिळालं त्याचा नाही. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार सर्वसाधारणपणे लेखकाच्या हयातीनंतर किमान ५० वर्षं हक्क टिकतो, आणि अनेक देशांत त्याहून जास्त. २०१६ पासून जगभरच्या संस्थांसाठी १२ प्रमाण हक्कविधानं उपलब्ध आहेत. त्यांतलं कोणतं लावायचं ते मार्गदर्शकांना विचारा. विद्यार्थ्यांचे गुण, शिस्तभंगाची प्रकरणं, वैद्यकीय माहिती, घरचे पत्ते दिसले तर अपलोड थांबवा, फोल्डरवर पेन्सिलीने खूण करा आणि सांगा. त्यातली माणसं आजही हयात असू शकतात, आणि एकदा उघड झालेली माहिती परत घेता येत नाही.

अपलोड करण्याआधी प्रत्येक फाइलचा चेकसम काढतात. एसएचए-२५६ पद्धतीने फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून ६४ अक्षरांची एक ओळ तयार होते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ही ओळ पूर्ण वेगळी येते. प्रत काढल्यावर दोन्ही ओळी जुळल्या तरच प्रत खरी, आणि स्कॅनरच्या संगणकावरची फाइल त्यानंतरच पुसायची. निदान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत, असा संकेत आहे.

खोक्यात फ्लॉपी, सीडी किंवा पेनड्राइव्ह निघाला तर आपल्या संगणकाला लावू नका. नुसतं जोडल्यानेही त्यावरच्या तारखा बदलू शकतात. लेखन रोखणारं उपकरण लावून आधी त्याची हुबेहूब प्रतिमा घेतात, आणि मगच आत पाहतात.

वाचनकक्षात तासभर

दिवसातून थोडा वेळ तुम्हाला वाचनकक्षात बसवतील. संशोधकाला एका वेळी एक फोल्डर द्या, कागद टेबलावरून उचलू नयेत हे नम्रपणे सांगा. त्यांनी काय मागितलं आणि कोणत्या शब्दांनी मागितलं ते मनात ठेवा. सूचीत तो शब्द नसेल, तर घालायचा का ते विचारा. सूची सुधारण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

निघण्यापूर्वी

शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा. कागद फोल्डरमध्ये, फोल्डर आपल्या क्रमाने खोक्यात, खोका फळीवर, चिठ्ठी काढलेली. मग कामाची नोंदवही. ‘खोका ७ स्कॅन केला’ एवढं पुरत नाही. असं लिहा: ‘खोका ७, फोल्डर ३ पूर्ण, ४२ पानं, ४२ फाइली, तपासणी झाली. फोल्डर ४ मध्ये पान १० पर्यंत स्कॅन झालं. पान ११ घडीवर फाटत आलं आहे, स्कॅन केलेलं नाही, संवर्धकाला दाखवायचं. फोल्डर ५ उघडलेलं नाही.’ उद्या तुम्ही आला नाहीत तरी दुसऱ्या कुणाला फोल्डर ४ च्या पान १२ पासून थेट सुरुवात करता आली पाहिजे.

आणि इंटर्नशिप संपत आली की एक विनंती अवश्य करा. वर्णनाच्या त्याच मानकात नोंद कुणी केली आणि कधी केली यासाठी स्वतंत्र घटक आहेत. तुम्ही केलेल्या सूचीत तिथे तुमचं नाव आणि तारीख घालायला सांगा. पुढे कुणाला नोंदीतल्या एखाद्या निर्णयाबद्दल शंका आली, तर विचारायचं कुणाला हे त्यावरून कळतं. संग्रहाची कायमस्वरूपी लिंकही मागून घ्या, आणि नोकरीच्या अर्जात प्रमाणपत्रासोबत तीही जोडा.